नाव, हुकूम आणि अधिकार : हार्डी यांच्या निबंधाचे पुनर्वाचन

संगणकाच्या सुरक्षिततेविषयी जे लेखन झाले आहे त्यात नॉर्म हार्डी यांचा ‘द कन्फ्यूज्ड डेप्युटी’ हा १९८८ सालचा निबंध आकाराने लहान असला तरी मोलाचा आहे. ‘गोंधळलेला मुखत्यार’ असे त्याचे नामांतर मराठीत करता येईल. आज कृत्रिम बुद्धिमत्तेचे एजंट आज्ञावलीकाराच्या कामाची सारी पूर्वतयारी करू लागले आहेत. लागणारी पॅकेजे उतरवून घेणे, ती बसविणे, त्यांची जुळवणी करणे ही कामे ते माणसाच्या हुकमाने, परंतु पुष्कळदा त्याच्या नजरेआड, उरकतात. ह्या नव्या कारभाऱ्यांना आवर कसा घालावा, हा प्रश्न पुढे ठेवून हा निबंध पुन्हा वाचणे अगत्याचे आहे.

निबंधातील हकिकत टायमशेअर ह्या कंपनीतील आहे; गौण तपशील बदलल्याचे हार्डींनी स्वतःच सांगितले आहे. तेथील फोर्ट्रन कंपायलरला स्वतःच्या वापराची आकडेवारी एका राखीव विभागात लिहिता यावी, म्हणून त्या विभागात लिहिण्याचा अधिकार दिलेला होता. ग्राहकांच्या बिलांची फाइलही त्याच विभागात होती. दोषशोधनाची माहिती कोणत्या फाइलीत लिहावी, हे सांगण्याची मुभा कंपायलर वापरणाऱ्यास असे. एकाने बिलांच्या फाइलीचेच नाव दिले. त्यास तेथे लिहिण्याचा अधिकार नव्हता, पण कंपायलरला होता. आणि बिलांची नोंद नष्ट झाली. हुकूम एकाचा आणि अधिकार दुसऱ्याचा, अशी ही गफलत होय. म्हणून फाइलीच्या नावाबरोबरच तीवर लिहिण्याचा अधिकारही हुकूम देणाऱ्यानेच सोपवावा, असे हार्डींचे प्रतिपादन आहे.

एजंटाच्या बाबतीत ही गफलत अधिक व्यापक होते. तो आपल्या मालकाच्या संपूर्ण अधिकाराने वावरतो. मालकाच्या गुप्त किल्ल्या आणि टोकने त्याच्या आवाक्यात असतात. तो ज्या सूचना वाचतो त्या मात्र अनेकदा परक्याने लिहिलेल्या असतात. शिवाय काही पॅकेजांबरोबर अशी आज्ञावली येते की, पॅकेज बसताच ती आपोआप चालू लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये एनपीएम भांडारात ‘एनएक्स’ ह्या साधनाच्या दूषित आवृत्त्या घुसविण्यात आल्या. त्यांतील अशाच आज्ञावलीने त्या संगणकावर आधीपासून असलेल्या एजंटांना, परवानगी विचारण्याचा नियम बाजूस सारावयास लावून, गुपिते शोधण्यास जुंपले. आणि हाती आलेला ऐवज बळी पडलेल्याच्याच खात्यावर उघडा मांडला. येथे मालकाचा मुखत्यारच परक्याच्या चाकरीस लागला.

ह्यावर सामान्यतः उपाय सांगतात तो असा की, प्रत्येक कृतीपूर्वी एजंटाने माणसाची संमती घ्यावी. हा उपाय अगदीच निरुपयोगी आहे, असे आमचे म्हणणे नाही. परंतु त्यावर भिस्त ठेवणे युक्त नव्हे. संमती देणारा पॅकेजाचे नाव पाहतो. ते पॅकेज बसताना काय करील हे त्यास दिसत नाही. कित्येकदा तर ते नावही एजंटाने कल्पनेने रचलेले असते, आणि तेच नाव एखाद्या लबाडाने भांडारात आधीच नोंदवून ठेवलेले असू शकते. अशी शेकडो संमतिपत्रे पुढे आली म्हणजे माणूस न वाचता होकार देऊ लागतो. सुरक्षेची योजना वापरणाऱ्यास सहज पेलली पाहिजे, हे तत्त्व सॉल्ट्झर आणि श्रोडर ह्यांनी १९७५ मध्येच सांगून ठेवले होते.

तथापि हार्डींच्या उपायालाही मर्यादा आहे. त्यांच्या कंपायलरपुढे नाव आणि हुकूम ह्या वेगळ्या वस्तू होत्या. एजंट वाचतो ती माणसाची भाषा. तीत माहितीचे वाक्य कोठे संपते आणि आज्ञा कोठे सुरू होते, हे त्यास खात्रीने सांगता येत नाही. मग अधिकार कोणत्या वाक्यासोबत सोपवावयाचा? ह्याचा अर्थ हार्डी कालबाह्य झाले असा नव्हे. अधिकाराची विभागणी एजंटाच्या आकलनावर न सोडता त्याच्या बाहेर झाली पाहिजे, एवढाच ह्याचा अर्थ आहे.

ही विभागणी साध्या साधनांनी करता येते. मांडणी अशा वेगळ्या कंटेनरात व्हावी की, जेथे मालकाच्या किल्ल्या मुळात नाहीतच. जाळ्यावर जाण्याची वाट ठरावीक भांडारांपुरतीच असावी. पॅकेजांच्या आवृत्त्या व त्यांच्या ओळखखुणा आधी निश्चित केलेल्या असाव्यात. आपोआप चालणाऱ्या आज्ञावली बंद ठेवाव्यात. टोकन द्यावेच लागले तर ते अल्पमुदतीचे आणि एकाच कामापुरते असावे. अर्थात कंटेनरही अभेद्य नाही. यजमान संगणकाचा गाभा तो वापरतो, आणि कंटेनर चालविणाऱ्या व्यवस्थेची सूत्रेच एजंटाच्या हाती दिली तर भिंत नावापुरती उरते.

एजंट अधिक शहाणा झाला की धोका आपोआप ओसरेल, ही आशा आज पुष्कळ ठिकाणी आढळते. हार्डींचा कंपायलर काही मूर्ख नव्हता. त्याने सांगितले तेच केले. त्यास बिलांच्या विभागाचा अधिकार कोणी दिला, हाच विचारण्याजोगा प्रश्न होता, आणि एजंटाविषयीही प्रथम तोच विचारला पाहिजे.