कोशकार्यातील कालसंकोच : काही आक्षेप

कोशाचा किंवा बोली-सर्वेक्षणाचा आराखडा अनुदानासाठी सादर केला की ‘हेच काम वर्षभर अगोदर कसे संपविता येईल ?’ असा प्रश्न हल्ली भाषाभ्यासकासही विचारला जातो. प्रश्न अनुचित नाही. मात्र त्याच्या उत्तरादाखल जी तंत्रे सुचविली जातात ती कोणत्या कामासाठी निर्माण झाली, याचा विचार सहसा होत नाही. प्रस्तुत टिपणाचा रोख त्या अविचारावर आहे.

या तंत्रांचा उगम कारखान्यात आहे. १९५७ च्या सुमारास ड्यू पाँट या रसायन-कंपनीतील मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडमधील जेम्स केली यांनी ‘क्रिटिकल पाथ’ची पद्धती सिद्ध केली. परस्परांवर अवलंबून असलेल्या कामांची जी साखळी सर्वांत लांब, तो निर्णायक मार्ग. जी कामे त्या मार्गावर नाहीत ती कितीही त्वरेने उरकली तरी अखेरची तारीख एका दिवसानेही अलीकडे येत नाही. मार्गावरील ज्या कामाचा एक दिवस वाचविण्यास सर्वांत कमी खर्च येतो, ते प्रथम आवळावे; आवळता आवळता दुसरी साखळी तितकीच लांब ठरली की दोन्ही एकदम आवळाव्यात. यात तर्कदृष्ट्या खोट काढण्यासारखे काही नाही. खोट आहे ती अर्जदारांच्या वाचनात. त्यांनी एवढ्या विचारातून दोनच गोष्टी उचलल्या : माणसे वाढवा, आणि एकामागून एक करावयाची कामे एकाच वेळी चालवा.

पहिल्या उपायाची परीक्षा ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशावरून होते. १८७९ मध्ये जेम्स मरे यांच्याशी करार झाला तेव्हा दहा वर्षांत काम आटोपेल अशी अपेक्षा होती. अवतरणे टिपण्यासाठी स्वयंसेवी वाचकांना आवाहन झाले आणि चिठ्ठ्यांचा पूर लोटला. परंतु वाचक विलक्षण शब्द टिपीत आणि नेहमीचे सोडून देत. ‘ॲब्यूजन’ या दुर्मिळ शब्दाची सुमारे पन्नास अवतरणे आली, ‘ॲब्यूज’ची पाचही नव्हेत. ती उणीव भरण्याचे काम पुन्हा संपादकाच्याच मेजावर आले. निर्णायक मार्ग वाचनातून जात नव्हता. एका शब्दाचे अर्थ किती आणि कोणत्या क्रमाने, हे ठरविणाऱ्या एका बुद्धीतून जात होता. वाचक वाढवून तो आखूड झाला नाही. पुढे हेन्री ब्रॅडली, क्रेगी आणि अनियन्स यांना स्वतंत्र संपादक नेमून अक्षरे वाटून दिली, तेव्हा कुठे वेग आला. तरीही कोश पुरा व्हावयास १९२८ उजाडले. मरे १९१५ मध्येच निवर्तले होते. येथे वाढविले ते हात नव्हेत, निर्णयाची केंद्रे. आणि त्यांचे प्रमाण एकसारखे राखण्यासाठी वेबस्टरच्या एका पानास आपली पाने किती, असे मोजमाप प्रकाशकांना घालून द्यावे लागले.

दुसऱ्या उपायाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ऐतिहासिक तत्त्वावरील कोशात शब्दाचा आद्य प्रयोग कोणता, हे सर्व ग्रंथ चाळून होईपर्यंत निश्चित होत नाही. ऑक्सफर्डने संकलन चालू असतानाच १८८४ पासून विभाग छापले आणि १९३३ च्या पुरवणीने त्या घाईची काही भरपाई केली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने आपल्या संस्कृत महाकोशासाठी उलट मार्ग पत्करला. १९४८ पासून पंचवीस वर्षे सुमारे दीड हजार ग्रंथांतून चिठ्ठ्या काढल्या, मग संपादनास हात घातला; पहिला भाग १९७६ मध्ये निघाला. तीसहून अधिक भाग झाले, तरी मजल अद्याप ‘अ’च्या परिसरातच आहे. याला कोणी दिरंगाई म्हणेल. मला तो अवलंबनाच्या स्वरूपाचा प्रामाणिक स्वीकार वाटतो, जरी त्याची किंमत पिढ्यांमध्ये मोजावी लागली आहे.

मराठीत मात्र खरा कालसंकोच साधल्याचे उदाहरण आहे. दाते-कर्वे प्रभृतींच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या अवधीत बाहेर पडले. मोल्सवर्थादी पूर्वसूरींचा आधार घ्यावयाचा आणि प्रत्येक अर्थाची कालानुक्रमी वंशावळ सिद्ध करण्याचा भार उचलावयाचा नाही, या मर्यादेतून तो वेग आला. अर्थात मुदत कापली गेली ती व्याप्ती कापून. अर्जांत नेमका हाच उपाय कोणी लिहीत नाही, कारण तो लिहिताना काय सोडले हे कबूल करावे लागते.

प्रस्तुत लेखकाचा अनुभवही निराळा नाही. बोलीतील शब्द गोळा करण्याच्या एका तीन वर्षांच्या योजनेला वर्षभराची कात्री लागली आणि भरपाई म्हणून सहा नवे साहाय्यक मिळाले. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जगण्याची आज्ञा, यांतील ‘ज’ उच्चारात भिन्न आहेत. देवनागरी तो भेद दाखवीत नाही. जुने सहकारी दंत्य ‘ज’ आणि ‘च’ यांखाली टिंब देत. नव्यांपैकी काहींनी ते दिले, काहींनी दिले नाही, एकाने तर तालव्याखाली दिले. हजारो चिठ्ठ्या ध्वनिमुद्रणाशी पुन्हा ताडून पाहाव्या लागल्या आणि त्या कामात जुने सहकारीच गुंतले. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये संगणक-प्रणालींविषयी लिहिले की रखडलेल्या कामावर माणसे वाढविली तर ते अधिकच रखडते; चौघांत परस्पर-संवादाच्या जोड्या सहा होतात, दहांत पंचेचाळीस. आमच्या टिंबाने तो हिशेब फार लवकर पटविला.

अखेरीस आम्ही मुदत पाळली, पण पाच तालुक्यांपैकी दोन वगळून. अहवालात मात्र ‘कार्यक्षम नियोजनामुळे’ असे शब्द आहेत. ते मीच लिहिले.