नायकाचं वकीलपत्र

नाशकात ‘नटसम्राट’चा प्रयोग बघताना मागच्या रांगेतल्या आजी पुटपुटल्या, “अहो, पण सगळं देऊन टाकलंच कशाला?” आप्पासाहेब बेलवलकर निवृत्तीच्या भरात मालमत्ता मुलांच्या हाती सोपवतात, तो प्रसंग चालू होता. शिरवाडकरांच्या या नाटकावर इतकं लिहिलं गेलं, पण आजींच्या त्या प्रश्नाएवढं नेमकं मला कुठं सापडलं नाही. १९७० साली श्रीराम लागूंनी उभा केलेला हा म्हातारा आपल्याला धरून ठेवतो तो निव्वळ सोसतो म्हणून नव्हे. सोसणारे म्हातारे गल्लोगल्ली आहेत. हा स्वतःच्या हातानं घर घालवतो आणि ते घालवतानाही टाळीची वाट बघतो. मुलांच्या संसारात तो रंगमंचावर वावरल्यासारखा वावरतो. सुनेची बाजू ऐकली, तर तीही खोटी नाही.

नायक स्वतःच्या चुकांनीच आपल्याला धरून ठेवतो, हे नाटककार कानेटकरांनाही ठाऊक होतं. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) मधले शिवाजी महाराज राज्य उभारतात, पण संभाजी आणि सोयराबाई यांच्यामध्ये बाप म्हणून हतबल होतात. ‘अश्रूंची झाली फुले’त (१९६६) तर गंमतच झाली. नाटक प्राचार्य विद्यानंदांचं, पण लोक नट घाणेकरांनी रंगवलेल्या लाल्याला बघायला यायचे. सज्जन माणसाचा कडेलोट लोकांनी हळहळत पाहिला. जीव मात्र त्या वाह्यात पोरावर जडला.

विहितगावात जन्मलेल्या बाबुराव बागुलांनी हे गणित आणखी अवघड केलं. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेतला रेल्वेत काम करणारा तरुण खोटं बोलतो. जात लपवतो, उघडा पडतो, मार खातो. चूक त्याचीच म्हणायची, तर खरं बोलला असता तर डोक्यावर छप्परही मिळालं नसतं. म्हणजे बेलवलकरांना चुकायची जी मोकळीक होती, तीही याच्या वाट्याला नाही. तरी बागूल त्याला बिचारा करून सोडत नाहीत. त्या तरुणाला आपल्या खोटेपणाची आच लागते, आणि वाचणाऱ्यालाही ती लागते.

आता आजची कादंबरी. कर्णावरची ‘मृत्युंजय’ (१९६७) वाचकांनी उचलून धरली, आणि तेव्हापासून पुराणातल्या नि इतिहासातल्या नायकांचं वकीलपत्र घ्यायची आपल्याकडे रीतच पडली. शिवाजी सावंतांच्या पुस्तकाची झेप मोठी होती. मागून आलेल्यांनी बहुतेक वेळा नुसता काळा डगला उचलला. महाभारतातला कर्ण भरसभेत द्रौपदीला जे बोलतो, ते त्याच्या दुःखाइतकंच त्याचं स्वतःचं आहे. पण आमच्या कादंबऱ्यांत असं काही आलं, की दोष लगेच नियतीवर, कपटी दरबाऱ्यावर, नाहीतर सावत्र आईवर. पाचशे पानं संपतात आणि नायक धुतल्या तांदळासारखा बाहेर पडतो. त्याची काळजी वाटावी असा एकही क्षण त्यात आलेला नसतो.

त्या आजी मध्यंतरातही शेजारणीशी तावातावानं बोलत होत्या. विषय एकच: किमान राहतं घर तरी नावावर ठेवायला हवं होतं.