साधा कॅमेरा आणि अपुऱ्या चित्रांचे मोल

छायाचित्रांची समीक्षा आपल्या भाषेत फारशी होत नाही, आणि जी होते ती बहुधा निष्णात कलावंतांच्या कामाची असते. गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांनी टिपलेल्या चेहऱ्यांविषयी लिहिले गेले, ते योग्यच झाले. परंतु आपल्या घराघरांत जी छायाचित्रे सर्वाधिक जिव्हाळ्याने जपली गेली, ती अशा सिद्धहस्त माणसांची नाहीत. ती कोणा मामाने काढली, थोरल्या भावाने काढली, किंवा शेजारच्या फिटरने रविवारच्या सुट्टीत काढली. आणि काढली ती एका पेटीवजा साध्या कॅमेऱ्याने. या चित्रांना कलेचे निकष लावावेत काय, आणि लावल्यास त्यांच्या उघड दोषांचे काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या कॅमेऱ्याचा वंश मोठा आहे. जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ साली अमेरिकेत ‘कोडॅक’ आणला. त्यात शंभर चित्रांचा रोल भरलेला असे. रोल संपला की कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा, धुण्या-छापण्याचे काम ती पाहत असे. १९०० साली त्याच कंपनीने एका डॉलरचा ‘ब्राउनी’ काढला आणि छायाचित्रण मुलांच्याही हाती गेले. आपल्याकडे हे काम पुढे बडोद्यास तयार होणाऱ्या ‘आग्फा क्लिक थ्री’ने केले. त्यात १२० क्रमांकाची फिल्म बसे आणि तीवर सहा सेंटिमीटरची बारा चौकोनी चित्रे निघत. १९६० साली स्थापन झालेल्या, उदकमंडलम येथील ‘हिंदुस्थान फोटो फिल्म्स’ या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ फिल्मही पुढे अनेकांच्या परिचयाची झाली. तो कारखाना आता बंद पडला आहे.

या यंत्राची रचना समजल्याखेरीज त्याच्या चित्रांचा न्याय करता येणार नाही. साध्या पेटी कॅमेऱ्याला बहुधा एकच भिंग असते. अशा भिंगाने मध्यभाग बऱ्यापैकी स्पष्ट उमटतो, कडा मात्र विरघळल्यासारख्या होतात आणि कोपरे काळवंडतात. अंतर जुळविण्याची सोय जवळजवळ नसते. त्यामुळे फार जवळ उभा असलेला मनुष्य धूसर येतो. पाहण्याची खिडकी भिंगाच्या वर असते. डोळ्याला दिसते ते आणि भिंगाला दिसते ते यांत थोडा फरक पडतो, आणि जवळच्या माणसाच्या डोक्याचा वरचा भाग कापला जातो. पडदा सेकंदाच्या तिसाव्या भागाच्या आसपास उघडा राहतो, तेवढ्यात हात हलला तर सारे चित्र हलते. अंधुक उजेड या यंत्राला सोसत नाही. म्हणून सूर्य पाठीशी घेऊन चित्र काढावे असा उपदेश सर्वांना केला जाई. त्याचा परिणाम असा, की समोरची माणसे डोळे बारीक करून उभी आहेत आणि पुढच्या मातीवर छायाचित्रकाराची स्वतःची सावली लांबलचक पडली आहे.

नीरा डाव्या कालव्याच्या भिजवणीतले, बारामती–इंदापूर रस्त्यावरचे लासुर्णे घ्या, किंवा तेथून जवळच साखर कारखान्याभोवती वसलेले वालचंदनगर घ्या. या टापूतील कोणत्याही घरी दातेरी कडांच्या लहान चौकोनी कॉप्या पाहावयास मिळाल्या, तर हेच दोष त्याच क्रमाने दिसतील. उसाच्या फडापुढे उभे केलेले भावंड, सायकलचा दांडा धरलेला तरुण, स्नानसंस्काराच्या दिवशी झबल्यात हरवलेले मूल. क्षितिज तिरके, एक चेहरा हललेला, कोणाचा तरी हात चौकटीबाहेर. वाचकहो, हे चित्र आपल्याला सुंदर का वाटते?

याचे एक उत्तर अलीकडे फार लोकप्रिय झाले आहे. ते असे, की दोषातच सौंदर्य आहे. १९९२ साली व्हिएन्नात काही तरुणांनी स्वस्त रशियन कॅमेऱ्याच्या काळवंडलेल्या कोपऱ्यांची चळवळच उभी केली. २०१० साली आलेल्या ‘इन्स्टाग्राम’ने चौकोनी चौकट घेतली, आणि निर्दोष डिजिटल चित्रावर पिवळटपणा व धूसरपणा चढविण्याची सोय केली. हे उत्तर मला पटत नाही. चढविलेला दोष हा दोष नसून अलंकार असतो. तो केव्हाही उतरविता येतो. मामाच्या चित्रातील हललेला चेहरा उतरविता येत नाही. त्या चेहऱ्याचे तेवढेच एक चित्र असेल, तर तो तसाच कायमचा राहणार.

येथे जुलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचे उदाहरण उपयोगी पडेल. या बाई १८१५ साली कलकत्त्यास जन्मल्या. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, १८६३ साली, लेक-जावयाने त्यांना कॅमेरा भेट दिला. त्यांच्या चित्रांतील धूसरतेवर लंडनच्या जाणकारांनी कठोर टीका केली. पण त्यांची धूसरता ही त्यांची निवड होती. चेहऱ्याचा भाव गवसला की भिंग तेथेच थांबविण्याचा त्यांचा निर्णय होता. त्या धूसरतेचे श्रेय कलावंताला द्यावे लागते. साध्या कॅमेऱ्याच्या धूसरतेचे श्रेय कोणालाच देता येत नाही. तेव्हा ते चित्र कॅमेरॉनबाईंच्या पंक्तीला बसविणे हा मामाचाही सन्मान नव्हे आणि कलेचाही नव्हे.

मग आनंद कशात आहे? माझ्या मते तो मर्यादेत आहे. रोलमध्ये बारा चित्रे. फिल्मला पैसे, धुण्याला पैसे, कॉपीला पैसे. कॅमेऱ्याच्या पाठीवरील लहानशा तांबड्या खिडकीतून पुढचा आकडा दिसेपर्यंत किल्ली फिरवायची, आणि मग कोणासाठी हा आकडा खर्च करावयाचा हे ठरवावयाचे. या हिशेबामुळे प्रत्येक चित्रामागे एक विचार असे. शिवाय काढलेले चित्र लगेच दिसत नसे. रोल संपावा, शहरात धुवावयास जावा, परत यावा. यात महिने जात. चित्र हाती येई तेव्हा प्रसंग मागे पडलेला असे आणि आठवण तयार झालेली असे. आठवण आणि कागद यांची गाठ पडण्याचा तो क्षण हाच या छंदाचा खरा आनंद. अपुरे चित्र आठवणीला काम देते. सर्व काही दाखविणारे चित्र तिला फारसे काम शिल्लक ठेवीत नाही.

फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांचे छायाचित्रणावरील पुस्तक १९८० साली प्रसिद्ध झाले. त्यात दिवंगत आईचे खरे रूप त्यांना सापडते, ते १८९८ सालच्या एका फिकट, झिजल्या कोपऱ्यांच्या चित्रात. त्यात आई पाच वर्षांची आहे. हे चित्र त्यांनी पुस्तकात छापलेच नाही. कारण परक्या वाचकाला ते एक सामान्य चित्र दिसले असते. घरगुती छायाचित्राची याहून अचूक समीक्षा मी वाचलेली नाही. त्याचे मोल त्या घराबाहेर पुष्कळसे संपते, आणि म्हणूनच त्याला कलाकृती म्हणण्याचा हट्ट धरू नये.

मात्र गतकाळाचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. बारा चित्रांत कोण बसले याबरोबरच कोण बसले नाही, हेही पाहिले पाहिजे. ज्या घरी कॅमेरा होता किंवा ज्यांचा तेथे राबता होता, त्यांचेच चेहरे राहिले. ऊस तोडावयास दूरच्या जिल्ह्यांतून येणाऱ्या बायामाणसांसाठी रोलमधला आकडा सहसा खर्ची पडला नाही. आज त्यांच्या मुलांच्या हाती मोबाईल आहे आणि त्यांची चित्रे विपुल निघतात. ही विपुलता मला उथळ वाटत असली, तरी तिच्यातील न्याय नाकारता येत नाही.

याच इंदापूर तालुक्यात भिगवणजवळ उजनी जलाशयावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, आणि लांबच लांब भिंगांचे कॅमेरे घेतलेले हौशी लोक होड्यांतून त्यांना टिपतात. पक्ष्यांचे पीस न् पीस स्पष्ट येते. १९८० साली पूर्ण झालेल्या धरणाने ज्या गावांना पोटात घेतले, ती त्याच पाण्याखाली आहेत. पाणी फार ओसरले की जुन्या पळसदेवचे देऊळ वर येते. देऊळ दगडाचे, म्हणून टिकले. तेथल्या एखाद्या ओसरीचे, एखाद्या लग्नमांडवाचे हललेले, तिरके चित्र कोणाच्या ट्रंकेत असेल, तर त्या ओसरीचा तेवढाच पुरावा शिल्लक आहे. त्या चित्राला धूसर म्हणून बाजूला सारणारा समीक्षक आपले काम विसरला असे म्हणावे लागेल.

म्हणून एक विनंती. जुन्या निगेटिव्ह फेकू नका. उष्ण, दमट जागी त्यांना आंबूस वास येऊ लागतो आणि मग त्या आक्रसतात, तेव्हा कागदी पाकिटांत घालून कोरड्या, थंड जागी ठेवा. चिकट पानांच्या अल्बममधून कॉप्या काढून घ्या. आणि घरात वडीलधारी माणसे आहेत तोवर, प्रत्येक कॉपीच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने नावे लिहून घ्या. धूसर चेहऱ्याला नाव असले की तो माणूस राहतो. नाव गेले की उरतो तो केवळ कॅमेऱ्याचा दोष.