‘आज्ञापत्रा’तील आरमारी जीवन: एक भाषिक विचार

थळसमोरील खांदेरी बेटावर १६७९ साली इंग्रज व सिद्दी यांच्या विरोधास न जुमानता तटबंदीचे काम सुरू झाले. अशा एकाकी जलदुर्गांवरील आणि त्यांच्या आश्रयाने राहणाऱ्या आरमारातील माणसांचे जीवन शोधणारा अभ्यासक साहजिकच रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’कडे (सु. १७१५) वळतो. त्यातील आरमाराचे प्रकरण अनुभवातून उतरले आहे, यात संशय नाही. तथापि ते आठवणींप्रमाणे वाचणे कितपत युक्त होय?

या प्रकरणाचे प्रधान क्रियारूप विध्यर्थी आहे: करावे, ठेवावे, न करावे. पावसाळ्यात आरमाराची छावणी प्रतिवर्षी वेगळ्या बंदरी करावी, म्हणजे एकाच ठिकाणच्या रयतेस उपद्रव होणार नाही, ही आज्ञा पाहावी. तिच्यामागे पूर्वी घडलेला उपद्रव असावा, असे अनुमान निघते. परंतु तो कोणी केला व कोणी सोसला, हे विध्यर्थ सांगत नाही. कर्ता लोपतो, नियम उरतो.

याला एक लक्षणीय अपवाद आहे. गलबतांसाठी रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत, हे सांगताना ती झाडे लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, असे अमात्य म्हणतात व रयतेच्या दुःखाचा उच्चार करतात. किनाऱ्यावरील रयतेस येथे मन लाभले आहे. खलाशाच्या वाट्यास मुख्यत्वे कर्तव्यच आले आहे.

सारांश, ‘आज्ञापत्र’ हे आरमारी जीवनाच्या अभ्यासाचे साधन खरे. पण तो खलाशाचा आवाज नव्हे. नियमालाच वर्तन समजणारे विवेचन राज्यकर्त्याची अपेक्षा शिपायाची आठवण म्हणून आपल्या हाती ठेवते.

रोडपाली, पनवेल