‘तुमचा छळ होतो का?’ असं विचारून काय हाती लागतं?

पेट झाली, गाईड मिळाले, आता विषय हवा. मग कुणीतरी सुचवतं, ‘ज्येष्ठांचा छळ घे की, यात गॅप आहे.’ त्यातून जो सिनॉप्सिस तयार होतो तो जवळजवळ ठरलेला असतो. परदेशी प्रश्नावली घ्यायची, मराठीत भाषांतर, मग उलट भाषांतर, ओपीडीतले दोनशे ज्येष्ठ, एसपीएसएस, झालं. या आराखड्याबद्दल मला तक्रार आहे, आणि ती नीट मांडायची तर आधी मूळ प्रश्नावलीकडे प्रामाणिकपणे बघायला हवं.

या कामासाठी सर्वात जास्त उचलली जाणारी प्रश्नावली म्हणजे एल्डर अब्यूज सस्पिशन इंडेक्स, थोडक्यात ईएएसआय. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये मार्क याफे आणि सहकाऱ्यांनी ती तयार केली, 2008 मध्ये प्रसिद्ध झाली. एकूण सहा प्रश्न, दोनेक मिनिटांचं काम. पाच प्रश्न रुग्णाला: रोजच्या कामांसाठी कुणावर अवलंबून आहात का, जेवण, औषध, चष्मा कुणी अडवलं का, लाज वाटेल किंवा भीती वाटेल असं कुणी बोललं का, कागदावर सही करायला किंवा पैशासाठी कुणी जबरदस्ती केली का, कुणी मारलं, नको तसा हात लावला का. सहावा प्रश्न रुग्णाला नाहीच, तो डॉक्टरने स्वतःला विचारायचा: हा माणूस नजर चुकवतो का, कुपोषित दिसतो का, अंगावर वळ आहेत का, कपडे-स्वच्छता कशी आहे, औषधं नीट चालू आहेत का.

कल्पना चांगलीच आहे. पण आकडे बघा. 104 डॉक्टर आणि 953 रुग्णांवर झालेल्या त्या अभ्यासात सेन्सिटिव्हिटी 0.47 आणि स्पेसिफिसिटी 0.75 निघाली. सिनॉप्सिसमध्ये या दोन आकड्यांपुढे फक्त ‘व्हॅलिडेटेड टूल’ एवढंच लिहिलेलं असतं. आपण जरा हिशोब करू.

आपल्याकडच्या लासी सर्वेक्षणात (2017-18, मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने राबवलेलं) साठीपुढच्या सुमारे 5 टक्के लोकांनी मागच्या वर्षात वाईट वागणूक मिळाल्याचं सांगितलं. तात्पुरतं तेच धरू. ओपीडीत 1000 ज्येष्ठ आले, त्यातले 50 जण खरोखर त्रासात आहेत. 0.47 म्हणजे त्यातले 23-24 सापडणार, 26-27 निसटणार. उरलेल्या 950 पैकी पाव भाग, म्हणजे सुमारे 237 जणांवर उगीच शिक्का बसणार. ‘पॉझिटिव्ह’ आलेल्या दर अकरा जणांमागे एकाच्या घरी खरा प्रश्न. आता उरलेल्या दहांच्या मुला-सुनांना समाजसेवा अधीक्षकांच्या खोलीत बसवून काय विचारणार आहात?

इथे लेखकांना झोडपून चालणार नाही. त्यांनी नावातच ‘सस्पिशन’ म्हटलंय, निदान म्हटलेलं नाही. शिवाय तुलना केली ती समाजकार्यकर्त्याच्या सविस्तर मुलाखतीशी, आणि ती मुलाखत म्हणजे काही रक्ततपासणी नव्हे. ज्या विषयात अंतिम सत्य दाखवणारी चाचणीच नाही, तिथे कुठल्याही प्रश्नावलीची सेन्सिटिव्हिटी ही एका अंदाजाची दुसऱ्या अंदाजाशी तुलना असते. आणखी एक गोष्ट, जी फारसं कुणी वाचत नाही: अभ्यासात स्मरणशक्ती बऱ्यापैकी शाबूत असलेलेच रुग्ण घेतले होते. डिमेन्शिया असलेली म्हातारी, जिला त्रास होण्याची शक्यता सगळ्यात जास्त, ती त्या 953 मध्ये नव्हती.

आता भाषेकडे. ‘अब्यूज’ला आपण ‘छळ’ लिहितो. ‘छळ’ म्हटलं की डोळ्यापुढे येते सुनेची जुनी गोष्ट, रॉकेल, पोलीस. कुठलीही आजी ‘माझा छळ होतो’ असं डॉक्टरपुढे म्हणणार नाही, आणि शेजारी मुलगा केसपेपर हातात घेऊन बसलेला असताना तर नाहीच. ती म्हणेल, ‘न्हाई ओ, बरं हाय सगळं. पोरं बघत्यात.’ पण ‘आबाळ’, ‘हेळसांड’, ‘हाल’ हे शब्द वेगळे आहेत. ‘जेवणाखाण्याची आबाळ होते का?’ याला उत्तर येतं, कारण त्यात कुणाला आरोपी करावं लागत नाही. उलट भाषांतराच्या तपासणीत हे कधीच कळत नाही. ‘छळ’चं इंग्रजी ‘अब्यूज’ बरोब्बर येतं, तक्ता सुंदर दिसतो आणि प्रश्न मात्र मेलेला असतो.

प्रश्न कसा विचारला यावर आकडा किती हलतो, ते घरच्याच उदाहरणात दिसतं. 2011 मध्ये महाराष्ट्रासह सात राज्यांत ज्येष्ठांचं एक मोठं सर्वेक्षण झालं. त्यात 11 टक्के लोकांनी काही ना काही त्रास सांगितला, त्यात शाब्दिक त्रास सगळ्यात पुढे, 10.2 टक्के. लासीत 5. मग सहा-सात वर्षांत छळ निम्मा झाला का? अजिबात नाही. पहिल्या आकड्यात साठी उलटल्यानंतरचा सगळा काळ आहे, दुसऱ्यात फक्त मागचं वर्ष. राज्यं वेगळी, प्रश्न वेगळे. तरी हे दोन आकडे एकाच वाक्यात ‘घटलेलं प्रमाण’ म्हणून शेजारी ठेवलेले सापडतात. व्हायव्हात इथेच पकडतात, सांगून ठेवतो.

बरं, दुर्लक्ष म्हणजे काय? करवीर-कागल भागातलं साधं घर घ्या. मुलगा-सून सकाळीच उसात. पंचाहत्तरीची आई पक्षाघातानंतर अंथरुणावर. तिला सांभाळायला घरी सत्तरीची धाकटी जाऊ, जिचे स्वतःचे गुडघे गेलेत. पाठीला बेडसोर झाला. सहाव्या प्रश्नाप्रमाणे डॉक्टर ‘हो’ वर खूण करणार. हा छळ, की कुटुंबाकडे माणूसबळ नसणं? तिला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायला कुणी शिकवलं होतं का? प्रश्नावलीत या दोन घरांना वेगळं करणारी जागाच नाही. उलट जिथे म्हातारीचं अंग स्वच्छ आहे पण श्रावणबाळ योजनेच्या खात्याचं एटीएम नातवाच्या खिशात आहे आणि सात-बारावर अंगठा कधी घेतला हे तिला आठवत नाही, तिथे डॉक्टरला काहीच दिसणार नाही.

शरीरावरच्या खुणांचा अभ्यास मला यापेक्षा जास्त पटतो. लॉरा मॉस्केडा यांच्या गटाने कॅलिफोर्नियात 2005 मध्ये आधी अपघाती वळांचा अभ्यास केला: दहापैकी नऊ वळ हातापायांवर होते. मग 2009 मध्ये त्याच गटाने शारीरिक छळ सिद्ध झालेल्यांचे वळ पाहिले, ते जास्त मोठे होते, आणि चेहरा, पाठ, उजव्या दंडाची बाहेरची बाजू इथे जास्त. आधी ‘नॉर्मल’ काय ते शोधायचं, मग ‘अॅबनॉर्मल’कडे वळायचं, ही पद्धत शिकण्यासारखी आहे. सीपीआरच्या ओपीडीत पडून आलेल्या ज्येष्ठांचे वळ कुठे असतात, एवढा साधा वर्णनात्मक अभ्यास भाषांतरित प्रश्नावलीपेक्षा उपयोगी पडेल असं माझं मत आहे. सावळ्या त्वचेवर वळ कसा दिसतो, हा प्रश्नही त्यात आपोआप येतो.

‘पण सर, हा विषय महत्त्वाचा आहे, मृत्यूशी संबंध आहे’ असं म्हणत लॅक्स यांचा 1998 चा पेपर पुढे केला जातो. पेपर भारी आहेच. न्यू हेवनमधल्या 2812 ज्येष्ठांपैकी ज्यांच्या छळाची अधिकृत नोंद झाली, त्यातले तेरा वर्षांनी 9 टक्के जिवंत होते. कुठलीच नोंद नसलेल्यांत 40 टक्के. पण शब्द वाचा: अधिकृत नोंद. ही सर्वात टोकाची प्रकरणं. तुमच्या दोनशेमधल्या ‘हो’ ला हा आकडा लागू होत नाही.

आणि ‘हो’ आलं तर पुढे? अमेरिकेत बहुतेक राज्यांत डॉक्टरला कळवावंच लागतं आणि कळवायला एक खातं आहे. तरी तिथल्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने 2018 मध्ये सरसकट तपासणीसाठी पुरावा अपुरा असल्याचं म्हटलं. आपल्याकडे 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, संस्थेमार्फतही करता येतो. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता परत मिळवायचं कलम 23 आहे. 14567 ही हेल्पलाइन आहे. पण या कायद्यात डॉक्टरवर कळवण्याचं बंधन नाही, आणि ओपीडीपासून प्रांत कार्यालयापर्यंत त्या आजीला कोण नेणार हे कुणाच्याच कामाच्या यादीत नाही.

म्हणून सिनॉप्सिस माझ्याकडे आला की मी नमुना-संख्या नंतर बघतो. आधी शोधतो की मुलाखत कुठल्या खोलीत होणार, मुलाला बाहेर कसं थांबवणार, आणि आजी रडायला लागली तर त्या दिवशी ड्युटीवर असलेल्या कुणाला फोन जाणार. बहुतेक वेळा तिथे लिहिलेलं असतं, ‘माहिती गोपनीय ठेवली जाईल.’ आजी मात्र संध्याकाळच्या एसटीने त्याच मुलाबरोबर गावी परत जाणार असते.