‘अनरॅव्हल’ जो प्रश्न विचारत नाही

कापडी कचऱ्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर पीएच.डी. करतेय असं सांगितलं की कुणीतरी विचारतंच, ‘मग अनरॅव्हल पाहिलास का?’ पाहिलाय, बऱ्याचदा. मेघना गुप्ता यांचा 2012 सालचा हा छोटा माहितीपट मला आवडतोही. आज मात्र त्याच्याशी थोडं भांडायचं आहे.

पश्चिमेकडच्या देशांनी टाकून दिलेले कपडे गठ्ठ्यांनी हरियाणातल्या पानिपतला येतात. तिथल्या बायका ते कापतात, रंगांप्रमाणे ढीग लावतात आणि मग यंत्रं ते पिंजून त्यांचं पुन्हा सूत करतात. इतके चांगले कपडे लोक फेकतात तरी का? रेश्मा आणि तिच्या सोबतिणींचा तर्क असा, की तिकडे पाणी महाग असणार, म्हणून धुण्यापेक्षा फेकणं परवडत असेल. आधी हसू येतं, मग आपणच वरमतो. व्यापारावरच्या लिखाणात कामगार एरवी आकडा म्हणून येतात. इथे त्या आपल्याकडे बघतात, आपल्याबद्दल मतं बनवतात. हे या माहितीपटाचं मोठं यश.

माझी तक्रार पुढची आहे. कपडा कुणी घातला होता, यात तो रमतो. कपडा कशाचा आहे, यावर थांबत नाही.

तुम्ही म्हणाल, त्याने काय बिघडलं? बरंच. या सुताला शॉडी म्हणतात. कपडे रंगांनुसार निवडलेले असल्याने सूत पुन्हा रंगवावं लागत नाही, हा खरा फायदा. पण पिंजताना तंतू तुटून आखूड होतात. आखूड तंतूंचं सूत जाड आणि कमजोर, म्हणून त्याची स्वस्त ब्लँकेटं होतात. शिवाय गठ्ठ्यांत लोकरीबरोबर ॲक्रिलिक, पॉलिएस्टरही असतं. शुद्ध पॉलिएस्टर निदान वितळवून नवा धागा काढता येतो; लोकरीत किंवा कापसात मिसळलं असेल तर तेही अवघड. ॲक्रिलिक तर वितळण्याआधीच विघटित होतं. म्हणजे त्याला पिंजण्यावाचून फारसा मार्ग नाही आणि ब्लँकेट हा जवळजवळ शेवटचा मुक्काम. पडद्यावर मात्र सूत तयार झालं की वर्तुळ पूर्ण झाल्यासारखं वाटतं.

अर्थात, हा दोष एकट्या माहितीपटाचा नाही. आयात-निर्यातीच्या मालाला दिले जाणारे आंतरराष्ट्रीय क्रमांक बघा. 6309 म्हणजे वापरलेले कपडे, 6310 म्हणजे चिंध्या. सहा अंकी पातळीवर चिंध्यांचे दोनच भाग: निवडलेल्या आणि इतर. तंतू कुठला, याचा पत्ताच नाही. कृत्रिम तंतूंच्या कचऱ्याला 5505.10 हा वेगळा क्रमांक आहे, पण त्यात तंतू, सूत आणि पिंजून मोकळा केलेला माल येतो. वापरलेला शर्ट येत नाही. त्यामुळे तेवढीच आकडेवारी काढून ‘सिंथेटिक कापडी कचऱ्याचा व्यापार एवढा’ म्हणणं (पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं!) म्हणजे गठ्ठ्यांतलं पॉलिएस्टर मोजायचंच नाही असं ठरवणं.

बाझल करारातही तेच. 1 जानेवारी 2021 पासून सरमिसळ प्लास्टिक कचरा पाठवण्याआधी घेणाऱ्या देशाची संमती लागते. कापडी कचरा मात्र, इतर कचऱ्यात मिसळलेला नसेल वगैरे अटींवर, निर्धोक मालाच्या यादीत राहिला. पाण्याची बाटली आणि पॉलिएस्टरचा शर्ट, दोन्हींतलं पॉलिमर एकच. नियमाला एकात प्लास्टिक दिसतं, दुसऱ्यात कापड.

‘रिसायकलिंगसाठी’ असं कागदावर लिहिलं की पाठवणारा मोकळा होतो. ज्या मालाचं पुढे काहीच होणार नाही, त्याचं काय करायचं हे उरतं घेणाऱ्याच्या दारात. रेश्माच्या गावात. तिच्या तर्कावर हसताना हे आपल्या लक्षात येत नाही, आणि माहितीपटही ते लक्षात आणून देत नाही.

तरीही तो जरूर पाहा. फक्त पाहण्याआधी कपाटातल्या एखाद्या स्वेटरचं लेबल वाचा. त्यावर किती तंतूंची नावं आहेत, तेवढं मोजून ठेवा.