टप्पा आधीच ठाऊक असलेला चेंडू

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या एखाद्या गावात सुटीच्या दुपारी पारावरून जावे, तर चार मुले एका मोबाइलभोवती डोकी जुळवून बसलेली दिसतात. एक जण क्रिकेट खेळत असतो, उरलेले तिघे पंचगिरी करत असतात. "एकदम खरं वाटतं, सर!" असे ती कौतुकाने सांगतात. या खेळात नेमके खरे किती आणि खोटे किती, हे विज्ञानाच्या शिक्षकाने एकदा तपासून पाहावे असे आम्हांला वाटते. फलंदाजी म्हणजे काय, याविषयीची मुलांची समजूत आता मैदानाबरोबर पडद्यावरही घडते आहे.

आधी जमेची बाजू पाहू. आपल्याकडच्या घरोघरच्या संगणकांवर वर्षानुवर्षे खेळला गेलेला 'क्रिकेट ०७' हा खेळ २००६ साली आला. त्याच्या शेजारी आजचा मोबाइलवरचा खेळ ठेवला, तर गवताची पाती, सरकत्या सावल्या, खेळाडूंचे चेहरे यांतली प्रगती थक्क करते. चेंडूची उसळी, हवेतला झोल, सीमेपलीकडे जाणारा फटका हेही बरेचसे गतिशास्त्राच्या नियमांनी चालते. फलंदाजीचा पाया मात्र बहुतेक खेळांत जुनाच आहे. गोलंदाज धावत येत असतानाच खेळपट्टीवर एक खूण उमटते: चेंडू इथे पडणार! खेळणाऱ्याने दिशा निवडायची आणि योग्य क्षणी बटण दाबायचे. लवकर, अचूक, उशिरा असा निकाल लागतो आणि त्याबरहुकूम चौकार तरी मिळतो नाहीतर झेल तरी जातो.

आमचा मुख्य आक्षेप या खुणेवर आहे. तो समजण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. दोन्ही बाजूंच्या यष्ट्यांमधील अंतर २०.१२ मीटर असते. दोन्हीकडच्या क्रीज वगळल्या, तर गोलंदाजाच्या हातापासून फलंदाजापर्यंत सुमारे १७.७ मीटर उरतात. ताशी १४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ३९ मीटर. हवेचा विरोध आणि टप्प्यावर कमी होणारा वेग धरूनही चेंडू जेमतेम अर्ध्या सेकंदात फलंदाजापाशी पोहोचतो. फलंदाजाच्या पाच मीटर अलीकडे टप्पा पडला, तर त्यानंतर उरतो साधारण ०.१५ सेकंद. आणि डोळ्यांनी पाहून हाताची हालचाल बदलायला माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतो! म्हणजे टप्प्यानंतर चेंडू वळला, तर ते दिसूनही उपयोग नाही. फटका त्याआधीच ठरलेला असतो.

मग थोर फलंदाजांचे डोळे-हात आपल्यापेक्षा चपळ असतात का? १९८७ साली पीटर मॅक्लिऑड या मानसशास्त्रज्ञाने याची परीक्षा घेतली. टप्प्यानंतर अनपेक्षितपणे वळणाऱ्या चेंडूला प्रतिसाद द्यायला नामवंत फलंदाजांनाही तेवढाच, म्हणजे ०.२ सेकंदाच्या आसपास वेळ लागला. पुढे २००० साली त्यांनी आणि मायकेल लँड यांनी फलंदाजांच्या नजरेचा माग घेतला. फलंदाजाची नजर चेंडूला सारखी चिकटून राहत नाही. हातातून सुटलेला चेंडू क्षणभर पाहून ती थेट पुढे, टप्पा जिथे पडेल असे वाटते तिथे उडी घेते आणि चेंडूची वाट पाहते. फलंदाज जितका चांगला, तितकी ही उडी लवकर.

तेव्हा टप्पा कुठे पडेल याचा अंदाज हाच फलंदाजीचा गाभा आहे, आणि नेमका तोच अंदाज खेळ स्वतः करून मुलाच्या हाती देतो. उत्तर फळ्यावर लिहून ठेवून मग गणित घालावे, तसा हा प्रकार झाला.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घेऊ. श्रीरामपूरचा झहीर खान जुन्या चेंडूने रिव्हर्स स्विंग टाकताना धावत येता येता चेंडू उजव्या हाताने झाकून घेई. चेंडूची चकाकती बाजू कोणती हे फलंदाजाला दिसू नये, एवढाच हेतू. चेंडू हातातून सुटण्यापूर्वीची माहिती किती मोलाची असते, हे त्याने पुरते ओळखले होते. २०११ च्या विश्वचषकात त्याने २१ बळी घेतले. पडद्यावरचा झहीर मात्र बिचारा हतबल! त्याने हात झाकला काय न् उघडा ठेवला काय, टप्प्याची खूण त्याचे गुपित आधीच फोडून बसलेली.

दुसरा आक्षेप चुकीच्या स्वरूपावर आहे. बॅटची रुंदी जास्तीत जास्त १०.८ सेंटिमीटर, चेंडूचा व्यास सुमारे ७.२ सेंटिमीटर. बॅट सरळ धरली असताना चेंडूचा मध्य बॅटच्या मध्यापासून साधारण ५.४ सेंटिमीटरपेक्षा जास्त बाजूला गेला की कड लागू लागते, आणि ९ सेंटिमीटरपलीकडे गेला की बॅट हुकते. म्हणजे कड ही मुख्यतः रेषेच्या अंदाजातली चूक आहे. बटणाच्या खेळात ती पुष्कळदा वेळेची चूक मानली जाते, किंवा संगणक मनातल्या मनात फासे टाकून ती ठरवतो. मुलाला आपण का बाद झालो ते कळत नाही, आणि चूक कळली नाही तर सुधारणार कशी?

तिसरी उणीव म्हणजे चेंडू सोडून देण्याला किंमत नसणे. संगमनेर तालुक्यात जन्मलेल्या अजिंक्य रहाणेने जुलै २०१४ मध्ये लॉर्ड्‌सच्या हिरव्यागार खेळपट्टीवर १०३ धावा केल्या. भारताची अवस्था एका वेळी ७ बाद १४५ अशी होती. अशा खेळपट्टीवर कोणता चेंडू खेळायचा नाही, हे ठरवणे ही निम्मी फलंदाजी असते. पाच षटकांच्या मोबाइल सामन्यात मात्र सोडलेला चेंडू म्हणजे फुकट गेलेला चेंडू.

खेळ बनवणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. पडदा वीतभर आणि सपाट. प्रत्यक्षातली खोली त्यात दिसत नाही. सेकंदाला ३० चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर आपला चेंडू एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जाताना १.३ मीटर उडी मारतो. अशा स्थितीत खूण काढून टाकली, तर नवखा मुलगा प्रत्येक चेंडूवर बाद होईल आणि खेळ मिटून ठेवील. हे खरेच आहे. तरीही २०१४ सालच्या 'डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४' या ऑस्ट्रेलियन खेळाने ही खूण वगळण्याचे धाडस केले. पाय एका दांडीने आणि बॅट दुसरीने हलवायला लावली. तो अवघड वाटला, पण त्यात काढलेल्या वीस धावा कमावल्यासारख्या वाटत.

आम्ही एक मधला मार्ग सुचवतो. खूण ठेवावी, पण ठिपक्याऐवजी पसरट डागासारखी. चेंडू सुटल्यावर डाग आक्रसत जावा. त्याच गोलंदाजाचे चेंडू जितके जास्त खेळाल, तितका तो आरंभापासूनच लहान असावा. फलंदाजाची 'नजर बसली' असे आपण म्हणतो, ते याहून वेगळे काय असते? आणि गोलंदाजाने चेंडू झाकला की डाग पुन्हा पसरावा. यात खेळाची मजा टिकेल आणि विज्ञानही.

हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. "त्याच्यात चपळाई नाही" असे म्हणून आपण कित्येक मुलांना मैदानाच्या कडेला बसवतो. बटणाचा खेळ तीच समजूत पक्की करतो. प्रयोग सांगतात ते वेगळेच: फरक चपळाईपेक्षा अंदाजात आहे, आणि अंदाज सरावाने येतो.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. एकाने पट्टी उभी धरून न सांगता सोडावी, दुसऱ्याने बोटांत पकडावी. पट्टी २० सेंटिमीटर घसरली, तर प्रतिसादाला ०.२ सेकंद लागला. क्रिकेटमध्ये तरबेज मुलगा आणि कधीही बॅट न धरलेली मुलगी, दोघांचे आकडे लिहून घ्यावेत; पुष्कळदा त्यांत फारसा फरक दिसणार नाही. मग मैदानावर यावे. एकाने टेनिसचा चेंडू हळू टाकावा. बाजूला सुरक्षित अंतरावर उभ्या असलेल्या निरीक्षकाने चेंडू सुटताच डोळे मिटावेत आणि टप्पा कुठे पडला असेल ते काठीने दाखवावे. खरा टप्पा आणि अंदाज यांतले अंतर मोजावे. तीस चेंडूंनंतर पहिल्या दहांची आणि शेवटच्या दहांची सरासरी काढावी. ती कमी झाली, तर आपली नजर बसू लागली हे मुलांना वहीतल्या आकड्यांतच दिसेल.

त्या दिवशी संध्याकाळी पारावर मोबाइल हातात घेताना, ती खूण बंद करता येते का, हे त्यांतले एखादे मूल नक्की शोधून पाहील.